उपासावाचून पारणे

‘डोळ्यांचे पारणे फिटले’ हा वाक्प्रचार मराठी वृत्तपत्रांनी निदान दहा वर्षे तरी वापरू नये, असे माझे मत आहे. हवाई दलाच्या कसरती नागपुरात होवोत की मुंबईत, दुसऱ्या दिवशीच्या अंकात प्रेक्षकांच्या डोळ्यांचे पारणे फिटलेलेच असते. कसरती ‘चित्तथरारक’ असतात, आवाज ‘गगनभेदी’ असतो, आसमंत दुमदुमलेला असतो. पारणे म्हणजे उपास सोडणे. एकादशीचा उपास ज्याने केला त्यालाच द्वादशीला पारणे घडते. ज्याने उपासच केला नाही त्याचे पारणे म्हणजे नुसते जेवण. आमच्या वृत्तपत्रांतले डोळे मात्र कधी उपाशी राहिल्याचे दिसत नाहीत. ते सदैव जेवून उठलेले असतात.

परंतु वार्ताहरावर रागावण्यात अर्थ नाही. त्याला ठरल्या वेळी मजकूर द्यायचा असतो आणि घडीव शब्द हाताशी असले की काम लवकर उरकते. माझे भांडण आहे ते मराठी शिकवणाऱ्यांशी, म्हणजे आपल्याशी. आपण विद्यार्थ्यांना अनुभूती, प्रत्यय, संवेदना हे शब्द शिकवतो, त्यांवर पंधरा-पंधरा गुणांचे प्रश्न काढतो. आणि एखादा विद्यार्थी खरोखर काही पाहून आला, पाहिले तेवढेच लिहून त्याने आपल्यापुढे ठेवले, तर त्याचे काय करायचे हे आपल्याला कळत नाही. असा एक प्रसंग दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर घडला. त्यात माझाही हात होता. तेव्हा जे बोलायला हवे होते ते आता लिहितो आहे. उशिरा लिहिल्याबद्दल वाचकांनी जे म्हणायचे ते म्हणावे.

१२ ते १४ जानेवारी २०२४ असे तीन दिवस मुंबईत मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या कसरती झाल्या. ‘सूर्यकिरण’ चमूची विमाने, ‘सारंग’ची हेलिकॉप्टरे, ‘आकाशगंगा’चे छत्रीने उतरणारे सैनिक आणि सुखोई-३० हे लढाऊ विमान, असा दुपारी बारा ते एकचा कार्यक्रम होता. एम. ए.च्या वर्गातला आमचा एक विद्यार्थी, कन्नड तालुक्यातला, चार दिवस आधी स्टाफरूमच्या दारात उभा राहून म्हणाला, ‘सर, तुम्ही पण चला ना.’ १३ तारखेला दुसरा शनिवार होता. शुक्रवारी रात्री आम्ही देवगिरी एक्स्प्रेसने निघालो. त्याच्या गळ्यात लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्या चुलतभावाचा कॅमेरा होता. पौष लागला होता, लग्ने थंडावली होती, म्हणून तो मिळाला.

मुंबईची हवा धुरकट होती. कठड्यापाशी उभे राहून पाहिले तर मलबार हिल आहे एवढेच कळत होते. पाणी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते ती रेघ पुसली गेली होती. अशा हवेत विमान पाहणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी प्रथम समजले. ‘सूर्यकिरण’ची हॉक विमाने लाल-पांढऱ्या रंगाची असतात. तो लाल रंग विमान अगदी जवळ येईपर्यंत नव्हताच. आधी राखाडी ठिपके, मग काळे, मग क्षणभर लाल, आणि पुन्हा राखाडी. विमानांमागून सुटणारा पांढरा धूर इंजिनाच्या तप्त झोतात डिझेल सोडून केलेला असतो. निळ्या आभाळावर त्या धुराने आकृती रेखल्या जातात. पांढुरक्या आभाळावर पांढरे काय उमटणार? निवेदक आकृतीचे नाव सांगत होता, लोक टाळ्या वाजवत होते, आणि आकृती हवेत विरघळलेली होती.

कॅमेऱ्याची तर आणखीच पंचाईत. त्याचा आपोआप होणारा फोकस कुठे तरी ठरण्यासाठी कड शोधत असतो, उजेड-अंधारातला भेद शोधत असतो. भेदच नसला की लेन्स पुढे-मागे घरघरत राहते आणि तोवर विमान निघून जाते. पांढऱ्या आभाळाने प्रकाशमापक फसतो आणि सगळे चित्र काळवंडते, म्हणून एक्स्पोजर मुद्दाम वाढवावे लागते. हेलिकॉप्टरची अडचण वेगळी. शटर फार जलद ठेवले तर पंख्याची पाती थिजतात आणि हेलिकॉप्टर कुणी दोरीने टांगून ठेवल्यासारखे दिसते. हळू ठेवले तर आपला हात हलतो. हे सगळे तो मुलगा त्या एका तासात, चुकत चुकत, शिकत होता.

आणि आवाज. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. ताशी नऊशे किलोमीटर वेगाने जाणारे विमान तेवढ्यात पाऊण किलोमीटर पुढे गेलेले असते. म्हणून स्वच्छ हवेतसुद्धा जो आवाजाच्या दिशेने पाहतो तो चुकतो. धुरकट हवेत तर मागे राहिलेल्या आवाजाखेरीज धरायला काही नव्हतेच. शेकडो माणसे एकाच वेळी आभाळातल्या एका जागेकडे बोट दाखवत होती आणि त्या जागेत काहीही नव्हते.

सुखोईने एक तीव्र वळण घेतले तेव्हा मात्र निराळेच घडले. त्याच्या पंखांवर एकदम पांढरे आवरण आले आणि गेले. विमान असे झटकन वळते तेव्हा पंखांच्या वरच्या बाजूला हवेचा दाब घटतो, ती हवा गार होते, आणि तिच्यातले बाष्प क्षणापुरते ढग होऊन दिसते. हवा जितकी दमट तितके हे दृश्य ठसठशीत. आमच्याकडच्या माघातल्या कोरड्या निळ्या आभाळात ते क्वचितच दिसले असते. परतीच्या गाडीत मुलाने चारशेच्या वर छायाचित्रे एकेक करून पाहिली. विमान ओळखू येईल अशी अकरा निघाली. तो म्हणाला, ‘सर, विमानापेक्षा हवाच जास्त दिसली.’

आठवड्याने त्याने चार पानी मजकूर आणून दिला. शीर्षक होते ‘दिसले तेवढे’. वार्षिकांकासाठी दिला होता. आमच्या महाविद्यालयाचे नाव सांगत नाही; सांगण्यात फायदा नाही, कारण हा प्रसंग कुठल्याही महाविद्यालयात घडू शकला असता. त्या मजकुरात कोणत्या मिनिटांना काहीच दिसले नाही याची नोंद होती. रंग कोणत्या क्रमाने आले आणि गेले ते होते. लेन्सची घरघर होती. एक चणेवाला होता. सगळे वर पाहत असताना तो आपल्या पाटीकडे पाहत होता, कारण वर पाहणाऱ्यांचे हात त्याच्या पाटीत नकळत शिरत होते. खांद्यावर मूल घेतलेली एक बाई होती, आणि ते मूल एकटेच योग्य दिशेला बोट दाखवत होते, पण त्याचे कुणी ऐकत नव्हते. भाषा कच्ची होती. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. पण गेल्या दहा वर्षांत आमच्या वार्षिकांकासाठी आलेल्या मजकुरात इतके पाहिलेले मी काही वाचले नव्हते.

संपादक मंडळात आम्ही पाच जण होतो. पहिला आक्षेप असा आला की यात देशाचा अभिमान कुठे आहे? सैनिकांच्या शौर्याबद्दल एक शब्द नाही. शेवटी एक परिच्छेद जोडावा. छायाचित्र मुखपृष्ठावर घेऊ, पण आभाळ निळे करून घ्या, असे मंगळावर बसल्यासारखे काय दिसते आहे! आभाळ बदलून देण्याची सोय फोटोशॉपमध्ये २०२० पासून आहे. दहा मिनिटांचे काम, असे एका मॅडमनी सांगितले आणि ते खरेच होते.

दुसरा आक्षेप आला तो ज्यांच्या वाचनाबद्दल मला आदर आहे अशा सहकाऱ्याकडून. ते म्हणाले, अभिमान नाही हे ठीक, पण भूमिकाही नाही. युद्धयंत्राविषयी तटस्थपणे लिहिणे हीदेखील एक भूमिका असते आणि ती सोयीची असते. शस्त्रास्त्रांवर होणाऱ्या खर्चाविषयी, युद्धाच्या सोहळ्याविषयी त्याने शेवटी एक परिच्छेद लिहावा.

गंमत पाहा. दोघांचे एकमेकांशी कधी पटत नाही. पण दोघांनाही शेवटी एक परिच्छेद हवा होता.

मुलाला बोलावले. टेबलाच्या कडेला उभा राहून त्याने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि म्हणाला, ‘सर, पण ते मी पाहिलं नाही.’ कुणी रागावले नाही. त्याला ‘बरं, बघू’ म्हणून परत पाठवले. मजकूर छापला गेला नाही. त्याच्या जागी, पृष्ठे मोकळी राहू नयेत म्हणून, वाचनाचे महत्त्व सांगणारा एक निबंध गेला. बैठकीच्या इतिवृत्तावर पाच सह्या आहेत. चौथी माझी आहे.

आता त्या दोन आक्षेपांना उत्तरे देतो.

पहिला आक्षेप अभिमानाचा. मला असे विचारायचे आहे की शौर्याविषयी खरोखर आदर कुणाला असतो? ‘चित्तथरारक’ म्हणणाऱ्याला? २६ एप्रिल १९९३ रोजी आमच्या चिकलठाणा विमानतळावरून उडणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकवर आदळले आणि ५५ माणसे गेली. मी तेव्हा शाळेत होतो. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात विमानाचा आवाज आला की बोलणे थांबत असे. ज्या गावाने हे पाहिले आहे त्या गावात विमाने एकमेकांच्या अगदी जवळून जातात याला ‘थरार’ म्हणताना जीभ अडखळायला हवी.

१९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळूरजवळ येलहंका येथे एरो इंडियाच्या आदल्या दिवशी सराव करताना ‘सूर्यकिरण’ची दोन विमाने आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या हवाई प्रदर्शनात तेजस कोसळले आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. दोन्ही वेळा त्याआधीच्या क्षणापर्यंत आपली भाषा ‘थरार’ म्हणत होती आणि पुढच्या क्षणापासून ‘काळाचा घाला’ म्हणू लागली. या दोन शब्दांच्या मध्ये जे असते, म्हणजे हिशेब, सराव, हवा, उंची, माणसाची चूक किंवा यंत्राची चूक, त्यासाठी आपल्या गद्यात जागाच नाही.

‘सूर्यकिरण’ चमू १९९६ साली बीदरला स्थापन झाला. बीदर आपल्याला परके नाही. १९५६ पर्यंत ते आणि मराठवाड्याचे जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. भालकी-औरादकडे आजही मराठी ऐकू येते. असे चमू कार्यक्रम ठरवतात तो ढगांच्या उंचीप्रमाणे. ढग उंच असतील तर पूर्ण गिरक्या. ढग खाली आले तर गिरक्या गाळून आडवी वळणे आणि कोलांट्या. आणखी खाली आले तर फक्त सपाट उड्डाण. त्याहून खाली आले तर काहीच नाही. म्हणजे कार्यक्रम रद्द करणे हा त्या कौशल्याचाच भाग आहे. आज उडायचे नाही, हे लाखभर माणसे खाली उभी असताना ठरवायला धैर्य लागते. या धैर्याला मराठी वृत्तपत्रांजवळ एकच शब्द आहे: ‘प्रेक्षकांचा हिरमोड’. ज्याला रद्द झालेल्या कार्यक्रमात शौर्य दिसत नाही त्याला झालेल्या कार्यक्रमात ते दिसले असेल यावर माझा विश्वास नाही.

२६ जानेवारी २०२३ रोजी दिल्लीत दृश्यमानता कमी होती. कर्तव्यपथावर बसलेल्यांना वरून जाणारी बरीच विमाने नीट दिसली नाहीत. निवेदन मात्र ठरल्याप्रमाणे चालू राहिले: कोणते विमान, कोणती रचना, किती वेग. ज्या आभाळात काही दिसत नव्हते त्या आभाळाचे वर्णन ऐकत लोक बसले होते. त्याच्या आदल्या वर्षापासून संचलनाच्या प्रक्षेपणात विमानांच्या कॉकपिटमधली दृश्येही दाखवली जाऊ लागली आहेत, त्यामुळे घरी बसलेल्याला काहीच अडचण वाटत नाही. मला यात आमच्या साहित्यव्यवहाराची प्रतिमा दिसते. निवेदन आधी लिहून झालेले असते. आभाळ कसे आहे याने त्यात एका शब्दाचाही फरक पडत नाही. आमच्या मुलाच्या मजकुरात तो फरक पडला होता. म्हणूनच तो आम्हाला अपूर्ण वाटला.

६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईत मरिना समुद्रकिनाऱ्यावर हवाई दलाच्या कसरती झाल्या. तिथे हवा मुळीच धुरकट नव्हती. कडक ऊन होते. सुमारे पंधरा लाख माणसे आल्याचा अंदाज तेव्हा छापून आला. उष्मा आणि गर्दी यांच्यात पाच माणसे दगावली. ती पाहायला आलेली माणसे होती. त्यांच्याविषयी लिहायचे तर आभाळावरून नजर काढून वाळूकडे पाहावे लागले असते. पाणी कुठे मिळत होते, सावली कुठे होती, परतीचा रस्ता किती अरुंद होता, हे पाहावे लागले असते. चणेवाल्याच्या पाटीकडे पाहणारा आमचा मुलगा चेन्नईत असता तर त्याने हे पाहिले असते, असे मला वाटते. ‘शौर्याचा परिच्छेद’ जोडणाऱ्याने पाहिले नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्यात तथ्य आहे. हवाई कसरत ही निरागस करमणूक नव्हे. बंगळूरचे एरो इंडिया १९९६ पासून भरते, ते मुळात शस्त्रांचा बाजार म्हणूनच. वर मान करून पाहणारी गर्दी त्या बाजाराची शोभा वाढवत असते. नाशिकजवळ ओझरला मिग-२१ तयार झाली, पुढे सुखोई झाली. १९६३ साली हवाई दलात आलेले मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या लेखांत त्याच्या अपघातांत गेलेल्या वैमानिकांची आठवणही काढावी लागली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच ओझरहून तेथे बांधलेले पहिले तेजस उडाले. या सगळ्यात किती पैसा, किती माणसे, कुणाचा फायदा, हे विचारणे आवश्यकच आहे. माझे सहकारी ते विचारतात याचा मला आदर आहे.

माझे म्हणणे इतकेच की तो परिच्छेद औरंगपुऱ्यात बसून लिहिता आला असता. त्यासाठी देवगिरीचे तिकीट काढायची गरज नव्हती. जे वाक्य न जाता लिहिता येते ते जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडी घालणे हा त्याच्या जाण्याचा अपमान आहे. शिवाय, विरोध करायलाही डोळे लागतात. शेकडो माणसे काहीही नसलेल्या जागेकडे बोट दाखवून टाळ्या वाजवत आहेत, हे दृश्य त्या मुलाने कुठलीही टिप्पणी न करता लिहिले होते. त्याचा अर्थ लावण्याचे काम वाचकाचे होते. आम्ही पाच जण वाचक होतो आणि ते काम आम्ही पुन्हा लेखकावरच टाकले. समीक्षा शिकवणाऱ्या माणसांनी हे करावे, याला काय म्हणावे?

माझी आजी सांगत असे की १९४८ च्या सप्टेंबरात, पोलीस ॲक्शनच्या त्या पावसाळी दिवसांत, ढगांतून विमानाचा आवाज आला की आमच्या वाड्यातली माणसे अंगणात धावत आणि पलीकडच्या गल्लीत दारे लावून घेतली जात. विमान तिने पाहिले नव्हते. नुसता आवाज ऐकला होता. पण दारांचा आवाजही ऐकला होता, आणि सांगताना ती दोन्ही सांगे. कुणाचे बरोबर होते हे तिने कधी सांगितले नाही. मी मोठा झाल्यावर त्या आठवणीत जे वाचले ते तिने शेवटी एक परिच्छेद जोडला असता तर मला वाचता आले नसते.

मराठीत पाहण्याची परंपरा नाही असे कुणी म्हणू नये. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये महिन्यामहिन्याचे आभाळ आणि झाडे पाहिली. मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांना मराठी नावे मिळवून दिली. ‘मेघदूत’ तर कुसुमाग्रजांपासून शांता शेळक्यांपर्यंत किती जणांनी मराठीत आणले. ढग, झाड, पक्षी यांच्याकडे निरखून पाहिले की आपण त्याला ललित गद्य म्हणतो आणि पाठ्यक्रमात लावतो. बगळ्याचे वर्णन करणाऱ्याला, मासे खाणाऱ्या या पक्ष्याविषयी तुमची भूमिका काय, असे आपण विचारत नाही. यंत्र आले की मात्र आपल्याला लगेच अभिमान तरी हवा असतो किंवा अपराधभाव तरी. मर्ढेकरांनी यंत्रयुग कवितेत आणल्याला पाऊणशे वर्षे झाली; गद्यात यंत्राकडे नीट पाहायला आपण अजून तयार नाही.

आता त्या हवामानाविषयी. ‘खराब हवामानामुळे’ हे दोन शब्द मला मरीन ड्राइव्हवर कुणाच्या तरी तोंडून ऐकू आले तेव्हा मुलगा हसला. त्याच्या घरी कपाशीचे शेत आहे. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा त्याच्या वडिलांनी महिनाभर जे निरभ्र निळे आभाळ पाहिले, ते हवाई कसरतींसाठी अगदी उत्तम हवामान होते. आमच्याकडे खराब हवामान त्याला म्हणतात.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच चिकलठाणा विमानतळावरून कृत्रिम पावसासाठी विमाने उडाली. हवाई कसरतीचे विमान ढग टाळते. ते विमान ढग शोधायला जात होते. मी तेव्हा औरंगपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवरून पूर्वेकडे पाहत उभा राहिल्याचे आठवते. खाली भाजी मंडईत कोथिंबिरीची जुडी काय भावाने चालली आहे यावरून ते विमान सापडले की नाही हे कळेल, असे शेजारचे एक काका म्हणाले होते. बारा वर्षांचा असताना आमच्या या विद्यार्थ्यानेही आपल्या शेतातून ते विमान पाहिले होते, किंवा पाहिल्यासारखे वाटले होते. तो मला गाडीत म्हणाला, ‘तेव्हापासून मी विमान दिसलं की आधी ढग बघतो.’ हे एक वाक्य घेऊन मराठवाड्यातल्या मुलाने हवाई कसरतींवर लिहिले तर ते पुण्या-मुंबईच्या मुलाहून निराळे होणार, हे आम्हाला कळायला हवे होते. प्रादेशिक साहित्यावर आम्ही चर्चासत्रे घेतो.

आणि शब्द आहेत. आपल्याच भाषेत आहेत. मळभ आहे, आभाळ भरून येणे आहे, झड आहे, रिपरिप आहे, धुई आहे, आभाळ फाकणे आहे. दोन सरींमध्ये आभाळ जरा मोकळे होते त्याला ‘उघडीप’ असा सुंदर शब्द आहे. विमानांची छायाचित्रे काढणारा माणूस वाईट हवेत ज्याची वाट पाहत तासन् तास उभा राहतो ती उघडीपच असते. शेतकरी फवारणीसाठी तिचीच वाट पाहतो. इतके शब्द जवळ असताना आपण ‘खराब हवामान’ म्हणून मोकळे होतो, कारण पाहण्याआधीच आपल्याला निकाल द्यायचा असतो.

मग करायचे काय? मोठे काही नाही. यंदापासून प्रथम वर्षाच्या लेखनकौशल्याच्या तासाला मी मुलांना गच्चीवर नेतो. वीस मिनिटे आभाळाकडे पाहायचे आणि दिसले तेवढेच लिहायचे. मळभ असेल तर उत्तम. ‘सुंदर’, ‘विहंगम’, ‘मनमोहक’ या शब्दांना प्रत्येकी एक गुण वजा. काही दिसले नाही तर ‘काही दिसले नाही’ असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण, मात्र कुठे आणि किती वेळ दिसले नाही ते त्याने सांगितले पाहिजे. सहकाऱ्यांना हा प्रकार पोरकट वाटतो. वाटो. उपास कसा करायचा हे आधी शिकवले पाहिजे. पारण्याचे पुढे पाहता येईल.

त्या मुलाने एम. ए. पूर्ण केले आणि आता तो बी. एड. करतो. मागच्या महिन्यात मी त्याला फोन करून ‘दिसले तेवढे’ची प्रत मागितली, माझ्याकडची सापडत नव्हती. तो म्हणाला, ‘राहू द्या ना सर, आता काय.’ मी त्याची क्षमा मागितली, ती त्याला अवघड वाटली आणि त्याने विषय बदलला. दोन दिवसांनी त्याने मजकूर नाही, पण त्या दिवशीचे एक छायाचित्र पाठवले. ते मी मोठे करून घेतले आणि स्टाफरूममध्ये माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. सगळे चित्र राखाडी आहे. खाली डाव्या कोपऱ्यात तिळाएवढा एक काळा ठिपका आहे. येणारे-जाणारे वाकून पाहतात आणि विचारतात, ‘सर, यात काय आहे?’ मी त्यांना बसायला सांगतो.